साफ तुटलेला सूर

१

सब-लेफ्टनंट हागिवारा यांचं प्रेत सापडलं तेव्हा त्यांना मरून पंधरवडा उलटला होता. प्रेत मात्र कालचं होतं.

आरमाराचे कायदा अधिकारी कामेई यासुनोसुके यांनी उमेदीची वीस वर्षं कोबेच्या कोर्टात काढली होती. त्यामुळे न जुळणाऱ्या तारखा पाहून त्यांना घाम फुटत नसे. पण हे प्रकरण निराळं होतं. हागिवारांचा फोटो वर्तमानपत्रात येऊन गेला होता. विमानासकट शत्रूच्या विमानवाहू नौकेवर झेप घेऊन त्यांनी ती बुडवली, म्हणून मेल्यावर त्यांना दोन पायऱ्या बढती मिळाली होती. त्यांच्या आईला गावच्या मेयरने घरी जाऊन वाकून नमस्कार केला होता. आणि आता ते विमानतळामागच्या बांबूच्या बनात, वापरात नसलेल्या एका भुयारात आडवे पडले होते. डोक्याच्या मागे एकच घाव होता.

"हा हागिवारा असूच शकत नाही," तळाचे प्रमुख कॅप्टन ओनिझुका म्हणाले. "हागिवारा मेलाय."

"मीही तेच म्हणतोय, साहेब."

"तसा नाही हो! नीट मेलाय. अधिकृत."

कामेई गुडघ्यावर बसले. मारेकऱ्याने प्रेत फेकून दिलं नव्हतं. डोकं उत्तरेकडे करून, हात छातीवर जुळवून, तोंडावर पांढरं फडकं टाकून ते रीतसर निजवलं होतं. साकुराजिमा ज्वालामुखीची राख दोन दिवस सगळीकडे पडत होती, पण मयताचा चेहरा कुणीतरी ओल्या फडक्याने पुसला होता. उशाशी भाताचं भांडं होतं आणि भातात दोन काड्या उभ्या खोवल्या होत्या. घरात कुणी गेलं की ठेवतात तसंच सगळं. फक्त भात पांढरा नव्हता, लाल होता. लाल भात लग्नाबिग्नाला करतात. मेलेल्याच्या उशाशी तो ठेवायला माणूस एकतर वेडा असावा लागतो, नाहीतर त्याच्याकडे दुसरा भातच नसावा लागतो.

"उद्या सकाळी सहा विमानं जायची आहेत," कॅप्टन म्हणाले. "त्याआधी हे मिटवा. एखाद्या अनोळखी वेड्याचं प्रेत म्हणून लिहून टाका. बरं दिसेल."

उद्याच्या त्या सहांपैकी चौथ्या विमानात कामेई नोबुयुकी बसणार होता. वय एकवीस. कामेईंचा एकुलता एक मुलगा. इंधनाची पिंपं चोरीला गेल्याच्या फालतू तक्रारीसाठी एवढा वयस्क अधिकारी सासेबोहून स्वतः का आला, हे तळावर सगळ्यांना कळत होतं. विचारलं कुणीच नव्हतं. जपानी माणूस अशा वेळी हवामानावर बोलतो.

२

"मेलेला माणूस परत कसा आला, ते मला ठाऊक आहे," स्टाफ ऑफिसर इजिचि शांतपणे म्हणाले. कोणत्या हल्ल्यात काय बुडालं ते ठरवणं हे त्यांचं काम. मागच्या फळ्यावर खडूने जहाजं मांडली होती. अक्षर फार सुरेख होतं. "काल दुपारी तो चालत फाटकाशी आला. मीच त्याला भुयारात बसवलं."

कामेईंच्या हातातली पेन्सिल थांबली. "का?"

"का म्हणजे? राजवाड्यापर्यंत कळवलंय. देव झालेला माणूस कॅन्टीनमध्ये सूप पीत बसलेला चालेल का? मी त्याला म्हटलं, हागिवारा, तू आम्हाला भलतंच अडचणीत आणलंस. परवाच्या तुकडीत तुला सातवा घालतो. या वेळी नीट कर."

"आणि नंतर डोक्यात घाव घातलात?"

इजिचिंना खरोखरच वाईट वाटलं. "अहो कामेईसाहेब, मी त्याला कशाला मारू? तो उद्या मरणारच होता. विमानसुद्धा काढून ठेवलं होतं मी."

हा बचाव बिनतोड होता. कामेईंनी फळ्याकडे बोट केलं. "हे सगळं कशावरून ठरवता?"

"सुरावरून. आपल्याला दिसत तर काही नाही, सोबतीची विमानं आधीच परत फिरतात. म्हणून प्रत्येक वैमानिकाला सांगितलेलं असतं, झेप घेताना तारयंत्राची कळ दाबायची आणि शेवटपर्यंत दाबूनच धरायची. इथे बिनतारीवर एक लांब सूर ऐकू येतो. सूर तुटला की समजायचं, पोचला."

"कुठे पोचला?"

"जहाजावर. दुसरीकडे कुठे जाणार?"

कामेईंनी फळा मोजायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. "इजिचि, या हिशेबाने तुम्ही त्यांचं आख्खं आरमार दीड वेळा बुडवलंय."

"जवळपास."

"मग उद्या ही पोरं कुणावर जाणार?"

"उरलेल्यांवर," इजिचि म्हणाले. चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. "सहाला एक मोठं जहाज. जगात कुठल्याच शस्त्राचा एवढा नेम नाही. म्हणून तर उद्या शिकाऊ विमानं पाठवतोय. नेम माणसाचा असतो, विमान कुठलंही चालतं."

शिकाऊ विमानं. कापडाच्या पंखांची. नोबुने हे कळवलं नव्हतं.

कामेई तडक कॅप्टनकडे गेले. ओनिझुका ऑफिसमागे लावलेल्या वांग्यांच्या रोपांवरची राख मऊ ब्रशने झटकत होते.

"साहेब, हागिवाराचा सूर तुटला होता आणि हागिवारा जिवंत होता. मग बाकीच्या सुरांचं काय?"

कॅप्टन एका पानापाशी थांबले. "एक चूक झाली म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही."

"आणि पद्धतच चुकीची आहे असं मी दाखवलं तर? उद्याची विमानं थांबवाल?"

"दाखवा," ओनिझुका म्हणाले. "मग उद्याचं बघू."

एवढाच धागा हाती आला होता. पण बाप लोकांना तेवढा पुरतो.

३

बिनतारीची खोली टेकडीच्या पोटात होती. तिथले तारयंत्री, पेटी ऑफिसर मुराकोशी, चाळिशीचे, अंगाने बारीक, आणि हेडफोन लावून लावून एका बाजूला कललेल्या मानेचे. त्यांनी कामेईंना बसायला खोकं दिलं आणि चहा म्हणून काहीतरी कोमट दिलं. भिंतीतल्या फळीवर नौसैनिकाच्या वेशातल्या एका तरुणाचा फोटो होता. पुढे उदबत्ती जळत होती. बाकी फळी रिकामी.

"भाऊ?"

"धाकटा, साहेब. एप्रिलमध्ये गेला. युद्धनौका." मुराकोशींनी हे इतक्या हळुवारपणे सांगितलं की जणू ती नौका त्यांच्या घरातलीच कुणी होती. "मीच ऐकलं. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. साफ तुटला."

"साफ म्हणजे?"

"तुटतात सगळेच, पण तुटण्यात फरक असतो ना. जहाजावर बसला की सुरी मारल्यासारखा साफ तुटतो. वाटेत तोफेने उडवलं तर आधी थरथरतो. पाण्यात गेला तर विरल्यासारखा वाटतो. खडकाबिडकावर आपटला तर..." त्यांनी किटली उचलली. "असो. कानाला सवय लागते. इजिचिसाहेब मला विचारूनच फळ्यावर लिहितात."

"हागिवारांचा कसा तुटला होता?"

किटलीतून पाणी पडत राहिलं. कप भरून वाहिला.

"साफ," मुराकोशी म्हणाले.

"काल तुम्हाला भेटले का ते?"

"मेलेला माणूस कसा भेटेल, साहेब?"

त्या तळावर सगळे हेच म्हणत होते. त्यामुळे कामेईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

४

दुपारी फाटकावर आरडाओरडा चालला होता. इवाकिरी नावाचा एक म्हातारा कोळी सुक्या मासळीची जुडी घेऊन आला होता आणि पहारेकरी त्याला आत सोडत नव्हता.

"अरे, तुमच्या त्या लंबूला द्यायचीय! हागिवारा का कोण तो! बूट ओले होते त्याचे, माझ्या पोराचे घालून आला तो. मासळी ठेवून घ्या, आणि माझ्या पोराचे बूट द्या!"

कामेईंनी म्हाताऱ्याला बाजूला बसवलं. "आजोबा, तो तुम्हाला कुठे सापडला?"

"सापडला कुठला! आमच्या अंगावरच आला की तो. आमच्या बेटाच्या टोकाला एक लांबुडका खडक आहे, पाणकावळ्यांचा. वरून बघितला तर सपाट, शेपटीकडे निमुळता. त्या दिवशी धुकं होतं. हा पठ्ठ्या ढगातून निघाला आणि सरळ खडकावर! शेवटच्या क्षणी नाक उचललं म्हणून वाचला. विमानाचं पोट खडकाला घासलं, यंत्रंबिंत्रं गेली, आणि हा पाण्यात. पाणकावळे मात्र मेले. चिकार."

"त्याने खडकाला जहाज समजून..."

"विमानवाहू समजला म्हणे! शुद्धीवर आल्यावर हसला, मग रडला, मग परत हसला. इकडे येणारी बोट मिळेपर्यंत आमच्याकडेच होता. एकच घोकत होता, तळावर माझ्या नावावर काय लावलं असेल? बाकीच्यांच्या नावावर काय लावलं असेल?" म्हाताऱ्याने आजूबाजूला पाहिलं. "भला पोरगा. बायकोला जाळं शिवायला मदत करायचा. आहे कुठे तो?"

 कामेई एका शब्दापाशी अडकले होते. खडक. आज सकाळपासून तो शब्द त्यांनी आधी एकदा ऐकला होता.

बॅरेकबाहेर नोबु उन्हात शर्ट वाळत घालत होता. उद्या मरायचं म्हणून आज कपडे धुवायचे. आईचं वळण.

"बाबा, तुमचे पिंपचोर सापडले का?"

"नोबु, तुम्हाला जाताना लाल भात देतात ना?"

"हो. काल सकाळच्या तुकडीलाही दिला. उद्या आम्हाला. शुभकार्य आहे म्हणे!" तो हसला. "पण कुणाला जातोय तेव्हा? सगळे एक एक मूठ मुराकोशीदादांना देऊन टाकतात. रीतच पडलीये. आपलं शेवटचं ऐकणारा माणूस तो, उपाशी कशाला ठेवायचा? ते खात नाहीत म्हणा. भावाच्या फोटोपुढच्या भांड्यात ठेवतात."

फोटोपुढे उदबत्ती होती. भांडं नव्हतं.

"बाबा? तुम्हाला बरं नाहीये का?"

"ऊन लागलं."

"बसा जरा. आणि तोंड पाडू नका हो एवढं. सहाला एक, असं इजिचिसाहेब म्हणतात. आम्ही सहा आहोत. म्हणजे एक तर नक्की." त्याने शर्टाची बाही सरळ केली. "माझाच नेम लागेल असं नाही. पण एक तर नक्की, ना?"

कामेई म्हणाले, "शर्ट छपराखाली घाल. राख बसेल."

५

"खडकाबिडकावर," कामेई म्हणाले. "इथून पोरं जातात ती ओकिनावाजवळच्या जहाजांवर. खडकावर कोण आपटतं, मुराकोशी? तसा सूर तुमच्या कानाने ऐकलाच कधी? ते फक्त हागिवारा सांगू शकत होते. काल."

मुराकोशींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"भात लाल होता. काल तो फक्त वैमानिकांना मिळाला, आणि त्यांनी तो तुम्हाला दिला. भांडं तुमच्या भावाचं. भावापुढचं भांडं उचलून तुम्ही त्यांच्या उशाशी ठेवलंत. चोर किंवा हेर असं करत नाही. इजिचि तर मुळीच नाही. तुम्ही त्यांना मारलंत आणि मग घरच्यासारखं निजवलंत."

 मुराकोशी बोलले ते फळीवरच्या फोटोकडे बघून.

"तो भुयारातून सुटून सरळ माझ्याकडे आला, साहेब. दारात उभा. मला वाटलं, देवच आला. मी जमिनीवर डोकं टेकवलं. तो म्हणाला, मुराकोशीदादा, उठा, मला सांगा, मी काय बुडवलं? मी म्हटलं, विमानवाहू. तर तो हसायला लागला. थांबेचना. म्हणाला, अहो, पाणकावळे होते! मी पाणकावळ्यांची विमानवाहू बुडवली! म्हणाला, तुम्हाला इथे बसून खडक आणि जहाज कळत नाही, आणि आम्ही तुमच्या कानावर मरतो. आत्ता जाऊन सगळ्या पोरांना सांगतो."

"त्यात त्यांचं काय चुकलं?"

"काही नाही." मुराकोशींचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "तो हसत हसत निघाला, आणि माझ्या लक्षात आलं. त्याचा सूर आणि माझ्या भावाचा सूर. साहेब, मी दोन्ही ऐकलेत. हुबेहूब तुटले होते. हुबेहूब. रोज रात्री मी तो सूर मनात ऐकून झोपतो, की साफ तुटला, युद्धनौकाच होती. आणि हा बाहेर जाऊन सांगणार होता की खडकही तसाच वाजतो. जनरेटरचा दांडा हाताशी होता. एकदाच मारला. त्याला गप्प करायचं होतं नुसतं. बनातून उचलून नेताना त्याचं वजनच लागेना, इतका वाळला होता."

कामेईंनी अनेक खुनी पाहिले होते. पैशासाठी, बाईसाठी, बांधासाठी मारणारे. एका आवाजासाठी मारणारा पहिलाच. आणि त्यांना धक्का बसला तो त्याचा नाही. हे सगळं त्यांना आतून कळत होतं, त्याचा बसला.

"ते थरथरणं, विरणं," त्यांनी विचारलं, "तेही काही नसतं?"

"सूर असतो आणि मग नसतो," मुराकोशी म्हणाले. "एवढंच असतं, साहेब. बाकी आम्ही लावतो."

६

कॅप्टन ओनिझुकांनी ऑफिसात, वांग्यांचा ब्रश हातातच धरून, सगळं ऐकून घेतलं. ते चांगले श्रोते होते. खडक, भात, भांडं, दांडा. कुठेही मध्ये बोलले नाहीत.

"उत्तम तपास," शेवटी म्हणाले. "पण खून कुणाचा झाला म्हणता?"

"हागिवारांचा."

"ते तर महिन्याच्या सुरुवातीलाच वीरमरण पावले. मेलेल्या माणसाचा खून कायद्यात बसतो का? तुम्ही कायद्यातले, तुम्ही सांगा." उत्तराची वाट न बघता ते पुढे म्हणाले, "आणि मुराकोशीला मी सोडणार नाही. म्हणजे कामावरून. त्याच्यासारखा कान आख्ख्या क्युशू बेटात नाही."

"साहेब, तो कान खोटा आहे, हेच तर सिद्ध झालं! फळ्यावरची जहाजं बुडालेली नाहीत. कदाचित एखाददुसरं बुडालं असेल, कदाचित तेही नाही. ही पोरं समुद्रात पडतायत. तुम्ही शब्द दिला होता."

"उद्याचं बघू म्हटलं होतं. बघू या." ओनिझुकांनी ब्रश खाली ठेवला. पहिल्यांदाच ते गंभीर दिसले, आणि तेच भयंकर होतं. "समजा, तुमचं बरोबर आहे. म्हणजे आपण समजतो तितकी जहाजं बुडाली नाहीत."

"हो."

"म्हणजे शत्रू आपण समजतो त्याहून बराच जास्त शिल्लक आहे."

"हो, साहेब!"

"मग सहा विमानं कशी पुरतील?" कॅप्टननी टेलिफोन उचलला. "बरं झालं सांगितलंत. इजिचि, उद्या दहा करा."

कामेई उभेच राहिले. वीस वर्षांत त्यांनी पुरावा हरलेला पाहिला होता, विकत गेलेला पाहिला होता. जिंकलेला पुरावा असा उलटून आपल्याच पोराच्या अंगावर येताना पाहिला नव्हता. सूर खरा असेल तर पोरं पाठवायची, कारण नेम लागतो. सूर खोटा असेल तर जास्त पोरं पाठवायची, कारण नेम लागत नाही. या कोर्टात अपील नव्हतं.

संध्याकाळी नोबुबरोबर ते धावपट्टीच्या कडेला बसले. सांगायचं ठरवून आले होते. सांगून काय होणार होतं? उडायचं तर होतंच. फरक एवढाच, की ते 'एक तर नक्की' बरोबर घेऊन उडायचं की त्याच्याविना.

"तुम्ही त्या बनातल्या प्रेताच्या प्रकरणात होता ना?" नोबुने विचारलं. "कोण होता तो माणूस?"

"वेडा होता कुणीतरी," कामेई म्हणाले. "अनोळखी."

सकाळी दहाही जण बिनतारीच्या खोलीपाशी आले. प्रत्येकाने मुराकोशींच्या हातात लाल भाताची एक एक मूठ दिली. नोबु चौथा. वडिलांना आत खोक्यावर बसलेलं पाहून त्याने सॅल्यूट केला, आणि मग, वरिष्ठ अधिकारी आजूबाजूला असताना करू नये ते केलं: लहानपणी शाळेला जाताना करायचा तसा हात हलवला.

मुराकोशींनी भात फोटोपुढे ठेवला. भांडं नव्हतं, म्हणून फळीवरच. मग न विचारता दुसरा हेडफोन कामेईंना दिला.

बराच वेळ नुसती खरखर. इजिचि खडू घेऊन दारात उभे होते. एक सूर आला, तुटला. दुसरा. मुराकोशी दर वेळी काहीतरी पुटपुटत, इजिचि बाहेर जाऊन लिहून येत. मग एक सूर सुरू झाला तेव्हा मुराकोशींची मान सरळ झाली, आणि त्यांनी कामेईंकडे पाहिलं. सूर धरण्याआधी प्रत्येकजण आपापली खुणेची अक्षरं वाजवतो. कामेईंनी नोबुची पाठ केली होती.

सूर लांब होता. बारीक, एकसारखा, जिद्दी. बोट न उचलता दाबून धरलेला. वडिलांना कधीच उलट न बोललेल्या मुलाने धरावा तसा.

मग नव्हता.

"हं?" इजिचिंनी दारातून विचारलं. "काय लिहू?"

मुराकोशींनी ओठ उघडलेच नाहीत. ते कामेईंकडे बघत होते. या खोलीत सत्य माहीत असलेले दोनच जण होते. त्यातल्या एकाने ते दडवायला माणूस मारला होता. दुसऱ्याने ते रीतसर सिद्ध करून दाखवलं होतं.

"कामेईसाहेब?"

कामेईंनी हेडफोन काढला, दोन्ही हातांनी नीट खाली ठेवला.

"विमानवाहू," ते म्हणाले. "साफ तुटला."